आपोआप चालणारा वायपर

यवतमाळ जिल्ह्यांतील माणसास पाऊस ओळखावयास शिकवावें लागत नाहीं. मृगाचा शिंतोडा कोणता आणि आश्लेषाची झड कोणती, हें कपाशी पेरणारा आभाळाकडे न पाहतांही सांगतो. आतां हें ज्ञान मोटारीनेंही संपादन केलें आहे, अशी ग्वाही तिचे विक्रेते देऊं लागले आहेत. दांडी एकदां 'ऑटो' या खुणेवर ठेवली, कीं पाऊस येतांच वायपरनें आपण होऊन चालूं लागावें, जोर वाढतांच गति वाढवावी आणि आभाळ उघडल्यावर निमूटपणें निजावें, असा हा करार आहे. करार सुरेख आहे. पण दुसऱ्या पक्षाकडून तो पाळला जात नाहीं, अशी तक्रार या गाड्या बाळगणाऱ्या घरोघरीं ऐकूं येते.

या तक्रारीचें मूळ आरशामागें कांचेला आंतून चिकटविलेल्या एका लहानशा डबींत आहे. तींतून अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणारे, किरण कांचेंत सुमारें ४५ अंशांच्या कोनानें सोडले जातात. बाहेर कोरडी हवा असली, तर सुमारें ४२ अंशांपलीकडील किरण कांचेबाहेर पडूंच शकत नाहींत. ते सगळे आंत परततात व डबींतील प्रकाशमापकावर पडतात. कांचेवर पाणी असलें, कीं हीच मर्यादा सुमारें ६२ अंशांवर जाते. म्हणून थेंब पडेल तेथून कांहीं किरण निसटतात. परतलेला प्रकाश जितका उणा, तितका पाऊस मोठा, असा यंत्राचा हिशेब. शाळेंतील प्रकाशाच्या धड्याचा इतका डौलदार उपयोग क्वचितच झाला असेल. परंतु येथें पाऊस मोजला जात नाहीं. मोजला जातो तो हरवलेला प्रकाश, आणि तोही तळहाताहून लहान अशा तुकड्यावरचा. चालकाच्या डोळ्यांसमोरची कांच धूसर झाली तरी त्या तुकड्यावर थेंब नसला, म्हणजे यंत्राच्या लेखीं पाऊस नाहींच.

वणीच्या रस्त्यांवर उन्हाळाभर कोळशाच्या मालमोटारी धांवतात. त्यांची काळी भुकटी आणि शेतांतील काळ्या मातीची धूळ यांचा थर कांचेवर बसतो. उन्हानें वायपरचें रबर कडक होतें. मग जूनमधील एखाद्या सायंकाळीं चार थेंब पडतात. अनुभवी चालक अशा वेळीं आधीं पाण्याचा फवारा सोडील. यंत्र मात्र तत्परतेनें त्या धुळीवरून कोरडें रबर फिरवितें, आणि क्षणापूर्वीं दिसणाऱ्या रस्त्याच्या जागीं चिखलाचा अर्धगोल उरतो. पांढरकवड्याजवळ हैदराबादच्या महामार्गावर याच्या उलट घडतें. पुढच्या मालमोटारीच्या चाकांतून गढूळ पाण्याची चादर एकदम अंगावर येते, आणि यंत्रास विचार करावयास क्षणभर लागतो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर पुढें गेलेली असते. श्रावणांतील भुरभुरीचें तर विचारूंच नये. एक फेरा, मग दीर्घ मौन, मग एकाएकीं वेड लागल्यासारखी धांव! गाडी धुणाऱ्या मुलानें ओलें फडकें त्या तुकड्यावरून फिरविलें आणि गाडीची किल्ली सुरू राहिली असली, तर वायपर त्याच्या बोटांवरही फिरतो. खडी उडून कांच फुटली व नवी बसवितांना डबी आणि कांच यांमधील पारदर्शक लेपांत हवेचा बुडबुडा राहिला, तर हिशेब कायमचाच चुकतो. अर्थात् हा दोष कारागिराचा, यंत्राचा नव्हे.

अलाबामांतील मेरी अँडरसन या बाईंना १९०३ सालीं वायपरचें पेटंट मिळालें, तेव्हां तो आंतून दांडी ओढून हातानें चालवावयाचा होता. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरसाठीं रॉबर्ट केर्न्स यांनीं १९६४ सालीं अर्ज केला. त्यांना एका डोळ्यानें जवळजवळ दिसत नसे. पापणी जशी अधूनमधून मिटते तसा वायपर कां चालूं नये, हा त्यांचा प्रश्न होता. पुढें या शोधासाठीं ते मोठ्या कंपन्यांशीं वर्षानुवर्षें झगडले, आणि १९९० सालीं ज्यूरीनें फोर्डच्या विरुद्ध त्यांचा हक्क मान्य केला. पण केर्न्स यांच्याही रचनेंत पाऊस पडतो आहे कीं नाहीं, हें चालकच ठरवीत असे. तो निर्णय काढून घेणें हीच नव्या यंत्राची खरी नवलाई, आणि भांडणही तेथेंच आहे. हात दांडीवरून एकदां उठला, कीं डोळाही आभाळावरून उठतो.

या जिल्ह्यांत ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. २८ सप्टेंबर २०२१ रोजीं उमरखेड तालुक्यांत दहागांवच्या पुलावरून एस. टी. ची बस पुराच्या पाण्यांत वाहून गेली व माणसें दगावलीं. नाल्याचा पूर पुष्कळदां वरच्या रानांतल्या पावसानें येतो. पुलाजवळ तेव्हां ऊन असूं शकतें. कांच कोरडी असते, वायपर निजलेला असतो आणि आरशामागील डबीच्या मतें सर्व कांहीं ठीक असतें. जाणता चालक अशा वेळीं पुलाच्या अलीकडेच गाडी उभी करतो, खालीं उतरतो, आणि पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, हें कांठावरच्या दगडाच्या खुणेनें पाहत बसतो.