हुशार मुलांची निवड आणि त्यांचे शिक्षण



बुद्धिमान मुले शोधून काढण्याचे काम आपल्या राज्याला नवे नाही. १९६० नंतर ग्रामीण भागातील होतकरू विद्यार्थ्यांसाठी पुसेगाव, धुळे, अमरावती अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने निघाली. १९८५-८६ मध्ये देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक अमरावतीचे. शिष्यवृत्ती परीक्षेला तर आपल्या कित्येक पिढ्या बसल्या. चौथी-सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीकडे नेण्यात आली, तेव्हा इयत्तांविषयी पुष्कळ चर्चा झाली. निवडलेल्या मुलाला पुढे वर्गात काय शिकवावयाचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

नवोदय विद्यालयात दरवर्षी सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ही सोय मोलाची आहे. पण ज्याचा क्रमांक ८१ वा लागतो, तो जिल्हा परिषदेच्या त्याच शाळेत, त्याच बाकावर परत येतो. शिष्यवृत्ती मिळविणाऱ्याचेही फारसे वेगळे नसते. हारतुरे होतात, फळ्यावर नाव लागते, आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत उदाहरण सोडवून तो उरलेला तास रिकामा बसून राहतो. कंटाळून खोड्या काढू लागला की आपण त्याला व्रात्य ठरवितो. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी तर अनेकदा आपल्या नजरेसही पडत नाही. सुवाच्य अक्षर आणि आज्ञाधारकपणा यांनाच आपण बुद्धी समजतो, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड काउंटीने २००५ च्या सुमारास शिक्षक-पालकांच्या शिफारशीवर विसंबणे सोडून दुसरीच्या सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू केली. पात्रतेचे निकष बदलले नव्हते, तरीही विशेष वर्गांतील गरीब व अल्पसंख्य मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले. मुले पूर्वीही तेथेच होती, त्यांची नावे कोणी सुचविली नव्हती.

आपल्याला सहावी ते आठवीच्या प्रत्येक शाळेत नवी इमारत नको आहे. सहावीच्या आरंभी सर्व मुलांना मातृभाषेतून एकच चाचणी द्यावी, त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना पुन्हा बोलवावे. लहान शाळेत अशी दोन-तीनच मुले निघतील. म्हणून केंद्रातील शाळांची मुले आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत एकत्र यावीत आणि गणिताची वा विज्ञानाची गोडी असलेला शिक्षक त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा. गावच्या विहिरींची पाणीपातळी वर्षभर मोजून तिचा आलेख काढणे हे त्यांच्या वयाला पेलणारे आणि ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडणारे काम आहे. अडचण येईल ती वाहनाची, विशेषतः मुलींच्या बाबतीत. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधी सोडवावी लागेल, कारण जाण्यायेण्याची खात्री नसेल तर पालक मुलींना पाठविणार नाहीत आणि केंद्रशाळेच्या त्या वर्गात केवळ मुलगेच दिसतील.