जिल्ह्याच्या शाळा आणि जिल्ह्याचा पैसा

(आपल्या शिंपी समाजाच्या सोलापूर येथील वार्षिक संमेलनात जिल्हा परिषदेच्या एका उमेदवाराने केलेले भाषण)



जिल्हा परिषदेच्या निवडणुकीस उभे राहण्याचा माझा मनोदय कानी आल्यावर आपल्या कार्यकारी मंडळाने मला आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. निवडून आल्यास शिक्षण समितीवर काम करावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणून जिल्ह्यातील शाळांसाठी येणारा पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि तो कसा खर्च व्हावा, याविषयी माझे विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे. विषय रूक्ष आहे. परंतु घरातील जमाखर्च रूक्ष म्हणून कोणी टाळत नाही. मग जिल्ह्याचा तरी का टाळावा?

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. येथे जमलेली बहुतेक मंडळी सोलापूर शहरात राहणारी आहेत. शहराचा कारभार महानगरपालिकेकडे असल्यामुळे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आपणांस मताचा अधिकार नाही. जे बंधू करमाळा, माढा, सांगोला, अक्कलकोट इत्यादी तालुक्यांच्या खेड्यांतून आले आहेत त्यांना तो आहे. परंतु त्यांच्याजवळही मी ज्ञातीच्या नावाने मत मागणार नाही. शाळेच्या गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलाची जात पाऊस विचारीत नाही. तेव्हा त्या छपरासाठी मत मागणाऱ्याने तरी ती का विचारावी?

या विषयाला मोठा इतिहास आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई, आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. हा आणा शेतकऱ्याच्या घामातून येत असे. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी दाखवून दिले, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. शाळेचा पैसा कोणाचा आणि तो कोणासाठी, हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्यापुढे उभा आहे.

पुढे 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे आला. 1947 च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षण मंडळे स्थापन झाली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि जिल्हा शिक्षण मंडळांचे काम त्यांच्याकडे गेले. शहरांतील शिक्षण मंडळे पुष्कळ वर्षे टिकली; 2013 साली शासनाने तीही मोडीत काढण्याचा कायदा केला. मंडळे गेली, पण भाषेत ती राहिली आहेत. आपल्या घरातील वडीलधारी माणसे अजूनही ‘बोर्डाची शाळा’ असेच म्हणतात. आपल्या समाजातील जुन्या पिढीपैकी कितीजण त्या बोर्डाच्या शाळेत पाटीवर अक्षरे गिरवून पुढे आले, हे मी सांगावयास नको.

आता जिल्हा परिषदेच्या तिजोरीकडे वळू. सोयीसाठी ती तीन खिशांची बंडी आहे असे समजा. पहिला खिसा सर्वांत मोठा, पण तो शिवलेला आहे. तो शिक्षकांच्या वेतनाचा. ही रक्कम राज्य शासनाकडून अनुदान म्हणून येते आणि वेतनावरच खर्च होते. सदस्याला तिला हात लावता येत नाही. दुसरा खिसा योजनांचा. समग्र शिक्षा अभियानात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असा वाटा असतो. पोषण आहाराचा पैसा वेगळा येतो, आणि जिल्हा नियोजन समितीकडून वर्गखोल्यांसाठी येणारा वेगळा. या खिशातील प्रत्येक रुपयावर त्याचे काम लिहिलेले असते. तिसरा खिसा स्वीय उत्पन्नाचा. जमीनमहसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, गाळ्यांचे भाडे, ठेवींवरील व्याज यांतून तो भरतो. तो सर्वांत लहान आहे, आणि त्यातूनही मागासवर्गीयांसाठी 20, महिला व बालकल्याणासाठी 10 आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. ते योग्यच आहे. जे उरते त्याच्यावर मात्र सदस्यांचा खरा अधिकार चालतो.

म्हणून जो उमेदवार ‘मी जिल्ह्यातील सर्व शाळांचा कायापालट करीन’ असे सांगतो, त्याला आपण विचारावे की, कोणत्या खिशातून? मी असे वचन देऊ शकत नाही. दुसऱ्या खिशातील पैसा वेळेवर व योग्य कामी लागतो की नाही हे पाहणे, आणि तिसऱ्या खिशातील पैशाला शहाणपणाची वाट दाखविणे, एवढेच सदस्याच्या हाती असते. ते नीट केले तरी पुष्कळ झाले.

माझे पहिले म्हणणे असे की, माप घेतल्याशिवाय कापड कापू नये. हे आपल्या समाजाला शिकविण्याची गरज नाही! जिल्ह्यातील अकराही तालुक्यांतील प्रत्येक शाळेच्या प्रत्येक खोलीची एक नोंद असावी. छप्पर, भिंत, स्वच्छतागृह, पाणी, वीज यांची स्थिती तिच्यात लिहिलेली असावी. शाळांची माहिती दरवर्षी संगणकावर भरली जातेच. ती समितीच्या टेबलावर अंदाजपत्रकापूर्वी आली पाहिजे, आणि सर्वांत धोक्याच्या खोलीला सर्वांत वरचा क्रमांक मिळाला पाहिजे. मग ती खोली सभापतींच्या गटातील असो वा विरोधकाच्या.

दुसरे असे की, नव्या बांधकामाआधी दुरुस्ती. नव्या इमारतीला कोनशिला बसते, तिच्यावर नावे कोरली जातात, फोटो निघतात. चार पत्रे बदलले तर कोनशिला कोठे लावणार? म्हणून दुरुस्ती मागे पडते, आणि जे काम थोडक्यात भागले असते ते चार वर्षांनी संपूर्ण इमारतीच्या खर्चावर जाते. उसवलेली शिवण पहिल्याच दिवशी घातली तर दोन टाके पुरतात, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल.

तिसरे म्हणणे मार्च महिन्याविषयी आहे. अनुदान वर्षअखेरीस हाती पडते आणि मग ते संपविण्याची घाई सुरू होते. घाईत घेतलेल्या वस्तू कोणी मागितलेल्या नसतात. जिल्हा परिषदेला जिल्हा योजनेचा निधी खर्च करण्यास दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत मुदत असते. तरीही कामे रेंगाळतात आणि पैसा परत जातो. यावर उपाय वेळापत्रकाचा. जून ते सप्टेंबर या काळात अंदाजपत्रके तयार व्हावीत, दिवाळीपूर्वी तांत्रिक मान्यता मिळावी, आणि खोल्यांची कामे उन्हाळ्याच्या सुटीत आटोपून जूनमध्ये मूल कोरड्या खोलीत बसावे. पैसा उशिरा येतो हे खरे. पण कागद तयार असेल तर उशिरा आलेला पैसाही कामी लागतो.

चौथी गोष्ट लहान शाळांची. समग्र शिक्षेच्या 2021 नंतरच्या निकषांत शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान ठरले. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. आता सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवरील 28 मुलांची शाळा घ्या. दहा हजारांपैकी दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी वेगळा काढावयाचा. उरले 9,000, म्हणजे महिन्याला 750 रुपये. त्यातच खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल! बिल थकले की वीज तुटते, आणि मोठ्या समारंभाने दिलेला संगणक कापडाखाली झाकून ठेवावा लागतो. माझे मत असे की, लहान शाळांचे वीजबिल आणि पाण्याची सोय यांसाठी स्वीय उत्पन्नात स्वतंत्र तरतूद असावी. रक्कम मोठी नाही. पण तिच्यावाचून मोठ्या रकमा वाया जातात.

याच शाळा बंद करून मुले दुसरीकडे पाठवावीत, असे सुचविणारे पुष्कळ आहेत. कमी पटाच्या शाळेवर दर मुलामागे खर्च अधिक होतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा. शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत अपेक्षिली आहे. ओढा ओलांडून किंवा हमरस्त्याने एकटी मुलगी किती दिवस जाईल? शाळा बंद केल्याची बचत अंदाजपत्रकात दिसते; घरी बसलेल्या मुलीची तूट कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. आणि लहान शाळा म्हणजे निकृष्ट शाळा असेही नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना 2020 साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, हे आपल्या जिल्ह्याने विसरू नये.

पाचवे म्हणणे हिशोब उघडा ठेवण्याविषयी. आपल्या संस्थेच्या सभेत जमाखर्चात पाच रुपयांचा फरक निघाला तर अर्धा तास चर्चा चालते. आणि ती चालावी. जिल्ह्याच्या हिशोबाला मात्र इतके कान मिळत नाहीत. जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षांची अंदाजपत्रके निवडलेल्या सदस्यांच्या चर्चेवाचून प्रशासकांनी मंजूर केली. अधिकाऱ्यांनी ती वाईट केली असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रश्न विचारणारा समोर नसला की उत्तर तयार ठेवण्याची सवय मोडते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप वर्षानुवर्षे पडून राहतात. ते दर तीन महिन्यांनी शिक्षण समितीत वाचले जावेत, आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीवर त्या वर्षी आलेले अनुदान व झालेला खर्च मराठीत लिहिलेला असावा, एवढा आग्रह मी धरीन. गावाने दिलेल्या लोकवर्गणीचीही पावती व नोंद असावी.

आता जे बोलावयाचे ते थोडे अवघड आहे, पण ते आजच बोललेले बरे. माझी उमेदवारी कळल्यापासून आपल्यापैकी काही स्नेह्यांनी, ‘आपला माणूस तेथे असला म्हणजे बरे’, असे प्रेमाने म्हटले. त्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. परंतु ‘बरे’ या शब्दात कोणाच्या मनात शिक्षिका असलेल्या सुनेची बदली असेल, कोणाच्या मनात गणवेशाचे काम असेल, कोणाच्या मनात खोलीच्या बांधकामाचा ठेका असेल. बदल्यांसाठी 2017 पासून संगणकीय पद्धत आली. तिच्यात सुधारणा सुचविता येईल, पण मागील दाराने मी कोणाचे नाव पुढे सारणार नाही. गणवेशाचे काम आपल्या समाजातील कुशल हातांना मिळाले तर मला आनंदच होईल. परंतु ते उघड दराने, उत्तम कापडाने आणि उत्तम शिवणीने मिळाले पाहिजे. माझ्या ओळखीवर मिळालेल्या कामाची शिवण उसवली तर त्यात आपल्या साऱ्या समाजाचे नाव उसवेल. हे ऐकून ज्यांना माझ्या उमेदवारीत रस उरणार नाही, त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु राहणार नाही.

मग समाजाने काय करावे? शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली, त्यांत आपल्या नामदेव शिंपी समाजाचेही होते. ज्ञातीची संघटना आपल्यापुरते पाहण्यासाठी नसून, मागे राहिलेल्यास शाळेपर्यंत आणण्यासाठी असते, हा त्या उद्योगाचा अर्थ. आज आपली पुष्कळ मुले खाजगी शाळांत जातात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेशी आपला संबंध संपला असे आपणांस वाटते. पण गावी राहिलेल्या आपल्याच भाऊबंदांची मुले तेथे आहेत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदानाच्या खर्चावर देखरेख करण्याचा अधिकार त्या समितीला आहे. खेड्यांतील आपल्या भगिनींनी त्या समितीत जावे, केवळ सही करू नये, पावत्या पाहाव्यात. आपल्यात बँकेत, कचेऱ्यांत हिशोबाची कामे करून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांनी वर्षातून चार रविवार एकेका गावी जाऊन, सर्व जातींच्या पालकांना अनुदानाचा कागद वाचावयास शिकवावे. गुणगौरवाच्या बक्षिसांइतकेच ते मोलाचे ठरेल.

मी निवडून येईन की नाही हे मतदार ठरवतील. एक सदस्य म्हणजे सभागृहातील एक मत. तो फार तर प्रश्न विचारू शकतो, विरोध नोंदवू शकतो, आणि पुन्हा विचारू शकतो. परंतु मी पराभूत झालो तरी आज मांडलेले प्रश्न पराभूत होण्याचे कारण नाही. जो कोणी आपल्या गटातून निवडून येईल त्याला ते आपण विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.