जुनाट पडसे : उपेक्षा आणि उपाय
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरसाल शिक्षण, विवाह, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा भारदस्त विषयांवर विचार मांडले जातात. आज त्याच व्यासपीठावरून आम्ही नाकाविषयी बोलणार आहोत, याचे कित्येकांस हसू येईल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांनाही आले होते. परंतु या सभागृहात आम्ही आल्यापासून किती रुमाल बाहेर निघाले व किती घसे खाकरले गेले, हे मोजण्याची आमची जुनी मास्तरकीची खोड अद्याप गेलेली नाही. त्या मोजदादीवरून हा विषय अस्थानी नाही एवढे निश्चित.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि १९७६ पासून २०१५ पर्यंत प्राथमिक शाळेत मुले शिकवली, एवढीच आमची पात्रता. मात्र त्या एकोणचाळीस वर्षांपैकी तीस वर्षे आम्ही या व्याधीने ग्रस्त होतो. तेव्हा जे सांगावयाचे ते रोग्याच्या अधिकाराने सांगणार आहोत, आणि त्यात शास्त्राचा जो भाग येईल तो जाणकारांस विचारून व वाचून पडताळलेला आहे.

प्रथम या यंत्राची रचना पाहू. आपल्या चेहऱ्याच्या हाडांत नाकाच्या दोन्ही बाजूंस हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि खोल मागे, अशा त्यांच्या चार जोड्या आहेत. यांनाच डॉक्टर सायनस म्हणतात. त्यांच्या आतील अस्तरातून पातळ श्लेष्मा सतत पाझरत असतो, आणि अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू एकसारखे हलून तो बारीक छिद्रांवाटे नाकात लोटत असतात. गालातील पोकळीचे छिद्र तळाशी नसून वरच्या अंगास आहे. म्हणजे मोरी भिंतीच्या माथ्याशी काढलेली न्हाणी समजा! त्या तंतूंनी उलट्या दिशेने पाणी उपसले तरच ती कोरडी राहावयाची. छिद्राभोवतीचे अस्तर सुजले की मोरी तुंबते, तुंबलेले नासते, आणि डोके जड होणे, गाल ठणकणे, घशात मागून शेंबूड उतरणे, वास न येणे ही सारी पीडा सुरू होते. हा प्रकार बारा आठवड्यांहून अधिक टिकला तर त्यास जुनाट म्हणावे असा वैद्यकाचा संकेत आहे. आयुर्वेदात प्रतिश्याय आणि पीनस ही नावे येतात ती याच कुळातील विकारांची.

आता अस्तर सुजते कशाने? कधी साध्या पडशाने, कधी वाकड्या पडद्याने, कधी नाकात वाढलेल्या मांसल कोंबांनी, तर कधी वरच्या दाढेच्या किडलेल्या मुळाने. परंतु अनेकांच्या बाबतीत मूळ असते ते ऍलर्जीत. हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने बनविला. पुढे १९६६ च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने या विकाराच्या बुडाशी असलेला रक्तातील पदार्थ शोधून काढला. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, शरीराचा पहारेकरी चोरास ओळखण्याऐवजी दारावर आलेल्या पाहुण्यासच चोर समजून आरडाओरडा करू लागतो. शिंका, पाणी, खाज आणि सूज म्हणजे त्या पहारेकऱ्याचा दंगा होय.

हे पाहुणे कोण? पहिला आपल्या अंथरुणातच राहतो. डोळ्यांस न दिसणारा धुळीतील हा जीव आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, आणि त्याच्या विष्ठेने नाक चाळवते. दमट हवा त्यास मानवते. म्हणून कोकणात व पावसाळ्यात त्याची चंगळ. दुसरी भिंतीवरील बुरशी. तिसरे झुरळ. चौथे परागकण, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रापुरते गाजरगवताचे नाव विसरून चालणार नाही. या गवताची भारतातील नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशी धान्याबरोबर ते आले असे सामान्यतः मानतात. आज असा माळ आणि असा बांध विरळा, की जेथे ते नाही. याखेरीज उदबत्ती, डासांच्या कॉइलीचा धूर, चुलीचा धूर आणि आमच्या पेशातील खडूची पूड ही मंडळी ऍलर्जी नसलेल्या नाकासही चिडविणारी आहेत.

आता आमची कर्मकथा. सर्दी म्हणजे काय मोठा रोग, या समजुतीने आम्ही पहिली दहा वर्षे घालविली. सुंठ उगाळून कपाळास लेप दिला, ओव्याची पुरचुंडी हुंगली, वेखंड लावले, निलगिरीच्या तेलाची वाफ घेतली. यांपैकी काहींनी घटकाभर बरे वाटले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अंथरुणातला पाहुणा अंथरुणातच राहिला. एका स्नेह्याने तपकीर ओढण्याचा सल्ला दिला. तीही दोन वर्षे ओढली आणि व्याधीत व्यसनाची भर घातली.

त्यानंतर औषधाच्या दुकानातून नाकात घालावयाच्या थेंबांची बाटली हाती आली. दोन थेंब घालताच नाक असे मोकळे होई, की जणू कोंडलेल्या खोलीची खिडकी कोणी उघडली! आम्ही धन्य झालो. महिन्याभरात दोन तासांनी थेंब, वर्षभरात तासाला थेंब, आणि थेंब नसतील तर रात्र बसून काढावयाची, अशी अवस्था झाली. वर्गावर जाताना खिशात पेन नसले तरी चाले, बाटली लागे. अशी सात वर्षे गेली. पुढे कळले, की हे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घालावयाचेच नसतात. अधिक घातले तर उतार ओसरताच सूज दुपटीने परतते, आणि औषध हाच रोग होऊन बसतो.

आमचे डोळे उघडले ते २००९ सालच्या एका सकाळी. घरची मंडळी बाहेर गेली होती. आम्ही स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवून वर्तमानपत्र वाचीत बसलो. आधण उतू जाऊन शेगडी विझली. गॅस तसाच चालू. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती लगेच समजावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ती सारी योजना आमच्या नाकापुढे व्यर्थ होती. चहाचे काय झाले म्हणून आम्ही आत गेलो, विझलेली शेगडी पाहिली आणि काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारातून ओरडल्या, “गुरुजी, काडी ओढू नका!” त्यांस जिन्यात वास आला होता. आमची चार वर्षांची नात आतल्या खोलीत निजली होती. त्यापुढे आम्हांस काही सांगवत नाही. सर्दीने कोणी मरत नाही असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगतो, की त्या दिवशी आमच्या घरात दोन जीव सर्दीनेच जावयाचे होते.

त्याच आठवड्यात आम्ही नाक-कान-घशाच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने त्या आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी दुर्बिणीने नाक तपासले, थेंबांची बाटली मागून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. मग जे सांगितले ते आम्ही येथे विद्यार्थ्यास सांगावे तसे क्रमाने सांगतो.

पहिले, अंथरूण. उशीचे अभ्रे, चादरी व पांघरुणे दर आठवड्यास कडकडीत पाण्यात, म्हणजे साठ अंश उष्णतेच्या, धुवावीत. गाद्या उन्हात घालाव्यात. आपल्या आजीबाई हे काम न सांगता करीत असत. केर कोरडा उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

दुसरे, नाक धुणे. नेती ही क्रिया हठप्रदीपिकेतील षट्कर्मांत आहे. तेथे ती सूत्राची, म्हणजे दोऱ्याची सांगितली आहे. पाण्याची नेती आज घरोघरी ठाऊक आहे, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केल्यापासून अशा क्रियांचा शास्त्रीय दृष्टीने विचार होऊ लागला. आधुनिक डॉक्टरही मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगतात. अर्धा लिटर पाण्यास सपाट भरलेला चहाचा एक चमचा मीठ पुरे. मात्र पाणी खळखळून उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे कच्चे पाणी कदापि वापरू नये. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली तसे करणारे दोघेजण पाण्यातील मेंदू खाणाऱ्या अमीबाने दगावले. लोटीही दररोज स्वच्छ धुऊन कोरडी करावी.

तिसरे, नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा. स्टेरॉइड हा शब्द ऐकताच आम्ही दचकलो. परंतु नाकातील मात्रा अल्प असते व ती बहुतांशी तेथेच काम करते. हा फवारा थेंबांसारखा क्षणात गुण देत नाही. काही दिवस नेमाने घ्यावा लागतो. गुण नाही म्हणून तिसऱ्या दिवशी सोडणारे लोक त्यास दोष देतात. तो मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूस मारावा. त्यासाठी युक्ती अशी, की उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा. ऍलर्जीच्या गोळ्यांपैकी जुन्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन वाहन चालवू नये. साध्या पडशावर जंतुनाशक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. विषाणूवर त्यांचा काही परिणाम होत नाही.

एवढ्यानेही न भागल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने तुंबलेली छिद्रे मोकळी करण्याची शस्त्रक्रिया आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांच्या अभ्यासातून ती पुढे आली. आम्हांस तिची गरज पडली नाही. थेंब सोडल्यावरचे पहिले दोन आठवडे नाकी नऊ आले हे खरे. पण तीन महिन्यांनी एके सायंकाळी आम्हांस अंगणातील जाईचा वास आला. आम्ही तेथेच पायरीवर बसलो.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या नव्हेत. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, ताप व मान ताठणे, एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही माणसाने तर अधिकच जपावे. २०२१ साली करोनाच्या साथीमागोमाग काळ्या बुरशीने याच पोकळ्यांतून शिरून कित्येकांचे डोळे व प्राण घेतले, हे आपण पाहिले आहे. उलट, प्रत्येक डोकेदुखी सायनसचीच असते असेही नाही. पुष्कळदा ती अर्धशिशी निघते.

आता शेवटची गोष्ट, आणि खरे म्हणजे हीच सांगण्याकरिता आम्ही आज उभे राहिलो. १९८८ च्या सुमारास आमच्या सहावीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. नाक सदैव वाहते, तोंड सदैव उघडे, प्रश्न विचारला की “आँ?” म्हणावयाचा. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण आम्ही मुलांना शिकविली, आणि वर्गाला हसविण्यासाठी उदाहरण त्याचे दिले. मठ्ठ म्हणून त्यास मागच्या बाकावर बसविले, आणि शिक्षा म्हणून रोज खडूचे डस्टर झटकण्याचे काम दिले. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

चार वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तो म्हणाला, “गुरुजी, हिचं पण तोंड उघडंच असायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नाकाच्या मागं गाठ वाढलीय, कानात पाणी साठलंय, म्हणून हिला ऐकू येत नाही. उपचार केले. आता वर्गात दुसरी आहे.” मग थोडे थांबून म्हणाला, “माझंही तेच असणार बहुधा.” त्याच्या बोलण्यात दोष नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ दर जून महिन्यात गुणवंतांस वह्या-पुस्तके व शिष्यवृत्ती देते, ही भूषणावह गोष्ट आहे. परंतु गुणवंत ठरण्यापूर्वीच मागच्या बाकावर गेलेली मुले त्या यादीत कधी येत नाहीत. म्हणून आमची विनंती एवढीच, की पुढील वर्षापासून त्याच दिवशी पहिली ते सातवीच्या सर्व मुलांचे नाक, कान व घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. या कामासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून अकरा हजार रुपये आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. हे दान नव्हे, जुने देणे आहे.

 मघापासून शिंका आवरून बसलेल्यांनी आता खुशाल शिंकावे. मात्र घरी गेल्यावर उशीचा अभ्रा तेवढा पाहावा.