शालेय आहाराची राखण



शाळेतील खिचडीचा विषय निघाला की चर्चा तांदळातील खड्यांवर आणि अळ्यांवर थांबते. त्या अन्नात कुणी जाणूनबुजून विष कालवील, हे मनाला शिवतही नाही. किनवटला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात एप्रिल २०२५ मध्ये नेमके हेच घडले. धर्मपुरी गावची शाळा सुट्टीनंतर उघडली. स्वयंपाकाची भांडी धुताना पांढरा फेस आला, उग्र दर्प सुटला. कर्मचाऱ्यांनी तेथेच हात थांबविला आणि सुमारे तीस मुले वाचली. त्याच वर्षी जुलैत बेळगाव जिल्ह्यातील हुलिकट्टी येथे शाळेच्या पाण्याच्या टाकीत कीटकनाशक टाकले गेले. काही मुले आजारी पडली. परधर्मीय मुख्याध्यापकांची बदली व्हावी हा हेतू होता, आणि शाळेतीलच एका मुलाला आमिष दाखवून हे काम करून घेतले, असे पोलिसांनी सांगितले. वैर मोठ्यांचे, घोट मात्र लेकरांच्या घशात!

औसा तालुक्यात तूर-सोयाबीन घरोघरी आणि फवारणीचे औषधही घरोघरी. म्हणून शाळा सुटल्यावर स्वयंपाकघराला व टाकीच्या झाकणाला कुलूप हवे. सुट्टीनंतर टाकी उपसून धुतली पाहिजे. धान्य शोधून, पाणी गाळून वापरण्याची शिस्त समाजाच्या घराघरांत आहे. परंतु पाण्यात विरघळलेले विष गाळण्यातून सरळ खाली उतरते.

वाढण्यापूर्वी शिक्षकांनी अन्न चाखावे, असा नियम आहे. तो नोंदवहीतील सहीपुरता उरता कामा नये. त्याहूनही मोलाचा आहे स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा शब्द. बिहारमधील छपऱ्याजवळच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी २३ मुले दगावली. तेथे कारस्थान नव्हते, बेपर्वाई होती. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. स्वयंपाकिणीने तेलाविषयी शंका काढली होती, ती कुणी मानली नाही. धर्मपुरीत मानली गेली.

तेव्हा शंका येताच, कुणाची परवानगी न मागता, पातेले बाजूला सारण्याचा अधिकार ताईंना शाळा व्यवस्थापन समितीने लेखी द्यावा. तपासणीसाठी थोडा नमुना झाकून ठेवावा, उरलेले अन्न जनावरांनाही घालू नये. प्राथमिकच्या मुलामागे धान्य ते १०० ग्रॅम. वाया गेले तरी हिशेब फार मोठा होत नाही. त्या दिवशी मुलांना केळी व फुटाणे पोहोचविणे औशाच्या बाजारपेठेला मुळीच जड नाही.