जुन्या कॅमेऱ्याची अडकलेली रिंग
(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणावरून)



बडोद्यातल्या आपल्या जुन्या घरांत दोन कॅमेरे हमखास सापडतात. एक आग्फा क्लिक थ्री. तो तर इथेच, बडोद्यात तयार व्हायचा. दुसरा घडीचा आग्फा इझोलेट, म्युनिकचा. क्लिक थ्रीत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. इझोलेटचं दुखणं मात्र ठरलेलं: फोकसची रिंग अडकते.

मंडळातल्या एका काकूंनी त्यांच्या यजमानांचा इझोलेट आमच्याकडे आणून दिला. काका जाऊन बरीच वर्षं झाली. "नातवाला यावर फोटो काढायचेत, पण हे फिरतच नाही. दुकानदार म्हणाला भंगारात द्या," असं म्हणाल्या. यंत्रांची देखभाल हेच आमचं सरकारी काम, डिप्लोमाही त्यातलाच. नाही कसं म्हणणार?

रिंगला हात लावण्याआधी आम्ही कॅमेऱ्याच्या पाठीवरची लाल खिडकी पाहिली. तिच्यात 7 चा आकडा होता. म्हणजे आत रोल होता, आणि काकांनी काढलेले शेवटचे फोटो त्यावर होते! असं दिसलं तर घाईने झाकण उघडू नका. रोल 12 फोटोंचा. आकडे संपून मागचा कागद पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत चावी फिरवायची, मगच कमी उजेडात झाकण उघडायचं. रोल कृष्णधवल होता. धुऊन आणला तेव्हा चार फोटो ओळखू येतील इतपत निघाले. एकात गणपतीच्या मांडवासमोर काकू उभ्या आहेत, तिशीतल्या. त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. आम्ही चहा प्यायलो आणि गप्प बसलो.

आता रिंग. तिथे धातू अडकलेला नसतो, ग्रीस अडकलेलं असतं. आट्यांमधलं जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट होतं, रंगाने हिरवट. पुढची काच आणि तिच्यामागची काच एकमेकींना चिकटून बसतात. अशा वेळी कुणी जोर लावला की रिंग फिरते आणि माणूस खूश होतो. पण खरं तर दोन्ही काचा एकत्रच शटरमधून बाहेर येत असतात. अंतर जुळत नाही, आणि सगळा रोल धूसर येतो. न फिरणाऱ्या रिंगपेक्षा ही अशी फिरणारी रिंग जास्त फसवी.

रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल केले की रिंग निघते. मग ती चिकटलेली जोडी तशीच शटरमधून काढून घ्यायची. पुढच्या या दोन काचांत डिंकाने जोडलेलं काही नसतं, त्यामुळे जोडी लायटरच्या इंधनात रात्रभर बुडवून ठेवता येते. खिडकी उघडी हवी, जवळ देवघरातला दिवासुद्धा नको. दुसऱ्या दिवशी जोडी पूर्ण कोरडी करून केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब द्यायची आणि रबराच्या पकडीने हळूहळू पिळायची. नाही हलली तर परत भिजत. काकूंच्या कॅमेऱ्याला चार रात्री लागल्या. आटे सुटतात त्या क्षणी दोन्ही भागांवर सुईने खूण करायची, नाहीतर परत बसवताना आटा चुकतो.

जुनं ग्रीस दात कोरायच्या काडीने काढायचं. नवं मोहरीएवढंच. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, ते ओघळून शटरच्या पात्यांवर जातं.

शेवटचं काम फोकस जुळवण्याचं. फिल्मच्या जागी धूसर चिकटपट्टी ताणून लावली, शटर बी वर उघडं ठेवलं आणि गच्चीवरून लक्ष्मी विलास पॅलेसचा मनोरा धरला. भिंगातून मनोरा रेखीव दिसला तिथे पुढची काच थांबवली, रिंगवरची आडव्या आठाची खूण जागेवर आणली आणि तिन्ही स्क्रू आवळले. भाताही अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून तपासला. एका घडीला बारीक भोक निघालं, ते काळ्या रंगाने बुजवलं.

तेव्हा यंदा आरतीनंतर काकूंचा नातू घडीचा कॅमेरा घेऊन समोर आला तर जरा हलू नका. मांडवातल्या उजेडात त्याला शटर सावकाश ठेवावं लागतं, आणि त्याच्याकडे फोटो बाराच आहेत.