गंडीपेटचे पाणी
(हीरकमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादची जी वाताहत केली, तिच्या आठवणी या शहरात अजून सांगितल्या जातात. अफजलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही उभे आहे. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांचे सारे कुटुंब डोळ्यांदेखत वाहून गेले आणि ते एकटे उरले. बळींची संख्या सुमारे १५,००० होती, असे मानले जाते.

पुढच्याच वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. ते पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत नावारूपाला आले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच रचना. त्यांचा विचार शहरातील नदीपात्रापाशी थांबला नाही, वरच्या मुलखाकडे गेला. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या पाणलोटात जवळजवळ दर चौरस मैलाला एक तलाव होता. त्या अतिवृष्टीत त्यांपैकी २२१ तलाव फुटले. वरच्या तलावाचे पाणी खालच्या बांधावर आदळत शहरापर्यंत आले. म्हणून पूर शहराच्या वरच अडवावा, असे त्यांनी सुचवले. त्यातून मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर झाला, लोकांच्या तोंडचे गंडीपेट. आणि ईसीवर १९२७ मध्ये हिमायतसागर.

या योजनेत एक अवघड तडजोड दडलेली आहे. पूर झेलायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी; वर्षभर पाणी पुरवायचे तर तो भरलेला हवा. ही दोन्ही कामे एकाच बांधाकडून करून घेणे म्हणजे दर पावसाळ्यात किती साठवायचे आणि किती सोडायचे याचा हिशेब जागरूकपणे मांडणे. शहर वाढले, तरी या हिशेबातून त्याची सुटका झालेली नाही.

तहान मात्र जलाशयांपेक्षा फार वेगाने वाढली. प्रथम मांजरेचे पाणी आले, २००४ पासून कृष्णेचे, त्यानंतर गोदावरीचे. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी, गोदावरी त्र्यंबकेश्वरी. तेव्हा येथील मराठी घरांना नळाच्या पाण्याबद्दल थोडा माहेरचा अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे! पण कृष्णेचे पाणी नागार्जुनसागराहून शंभर किलोमीटरपेक्षा दूर आणि तीनशे मीटरहून अधिक उंच चढवावे लागते. त्या विजेचे बिल शहर दररोज भरते. गंडीपेटचे पाणी उतारानेच शहरात येई.

दूरचे पाणी आले, की जवळच्या पाण्याची किंमत उतरते. या दोन जलाशयांच्या भोवती दहा किलोमीटरपर्यंतच्या ८४ गावांत बांधकामांवर निर्बंध घालणारा आदेश सरकारने १९९६ मध्ये काढला. तरीही त्या पट्ट्यात फार्महाउस उभी राहिली, ओढ्यांच्या वाटा अडल्या. २०२२ मध्ये ते निर्बंध उठवण्यात आले. शहर आता या तलावांवर अवलंबून नाही, हे त्यामागचे एक कारण होते. जमिनीला भाव मिळावा ही त्या गावांतील शेतकऱ्यांची मागणी अन्यायाची नव्हती. शहराच्या पाण्यासाठी त्यांनी पाव शतक तोटा सोसला आणि शहराने त्याची भरपाई देण्याचा विचार गांभीर्याने केला नाही. चूक झाली ती येथे. पाणलोट राखणाऱ्याला मोबदला देणे हा पाणीपुरवठ्याचाच खर्च आहे, पंपाच्या विजेइतकाच खरा. शिवाय हे जलाशय पिण्यासाठी नकोसे झाले, तरी पूर अडवण्याचे त्यांचे मूळ काम कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहराच्या दक्षिणेकडील तलावांचे बांध पुन्हा फुटले आणि पाणी वस्त्यांत शिरले. यांतील अनेक घरे कर्ज काढून, सर्व कागद तपासून घेतलेली होती. ज्या कागदावर तलावाच्या पूर्ण भरण्याची रेषा दाखवलेली असते, तो मात्र खरेदीच्या वेळी सहसा कोणी मागत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज अभियंते आहेत, काही बांधकाम व्यवसायात, आणि पालकांपैकी अनेकजण घराच्या शोधात असतील. गंडीपेटच्या वाटेवर ‘लेक व्ह्यू’ अशी पाटी दिसली, की तो नकाशा मागून पाहावा. ती रेषा कधी कधी पार्किंगमधून जाते.