तान्ह्या बाळाच्या अंगावरील गाठी



आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेचे पदवीधर, बँकेतील कारकून. तरीही या विषयावर बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. बाळाच्या पाठीवर कठीण गाठ दिसली की घरात पहिला बोल सुनेला लागतो, "दिवस असताना काय खाल्लेस?" आणि दुसऱ्या दिवशी मालिशवाली ती गाठ चोळून जिरवायला बसते.

शास्त्र वेगळे सांगते. हिवाळ्यात खोबरेल तेल गोठते, शेंगदाण्याचे पातळच राहते. तान्ह्या बाळाची चरबी खोबरेलासारखी, लवकर घट्ट होणारी. अवघड बाळंतपणात प्राणवायू कमी पडला किंवा अंग फार थंड झाले, तर त्वचेखालील चरबीच्या पेशी मरतात आणि तेथे सूज येते. पहिल्या काही आठवड्यांत पाठ, ढुंगण, दंड, मांड्या, गाल यांवर लालसर-जांभळ्या गाठी दिसतात. या दुर्मिळ विकाराला 'सबक्यूटेनियस फॅट नेक्रोसिस' म्हणतात. बाळ बहुधा पूर्ण दिवसांचे असते. यात आईच्या खाण्याला बोल लावण्यास काहीही आधार नाही.

या गाठी कर्करोगाच्या नव्हेत. काही आठवड्यांत वा महिन्यांत त्या आपोआप विरतात. त्या चोळू नयेत, शेकू नयेत, फोडू नयेत.

मग काळजी कसली? सुजेतील पेशी क्रियाशील 'ड' जीवनसत्त्व जादा तयार करतात. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. हे गाठी विरल्यानंतरही घडते. म्हणून गाठ गेली की खाते बंद झाले, असे समजू नये. सुमारे सहा महिने डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी करावी. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवावेत की नाही, हेही त्यांनाच विचारावे. बाळ दूध ओढेनासे झाले, उलट्या, बद्धकोष्ठता, सुस्ती वा वारंवार लघवी होऊ लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. ताप आला किंवा अंगभर कातडी ताठरली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या उपनगरांत घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. परळला लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. विद्यार्थी मित्रांनो, घरातील पहिले शिकलेले तुम्हीच असाल. त्या वेळी वहिनीला बोल लागू देऊ नका. बाळाला घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जा.